‘पाणी बंद झडप’: एका पुस्तिकेतल्या जोडशब्दांचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठिबक सिंचनाचा संच बसवलेल्या शेतकऱ्यांसाठी देखभालीची एक पुस्तिका मराठीत करायची होती. वाचक ठरलेले होते: सांगोला आणि आसपासच्या तालुक्यांतले डाळिंब उत्पादक. मूळ मजकूर इंग्रजी होता आणि त्याचं हिंदी रूपही हाताशी होतं. पुस्तिका ६४ पानांची, खिशात मावेल एवढी, पानावर दोन अरुंद स्तंभ. संपादनाचं काम माझ्याकडे होतं. माझ्यासोबत तांत्रिक बाजू पाहणारे एक कृषी अभियंता होते, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. भाषांतर एक ताई करत होत्या, डीटीपी एक तरुण मुलगा करत होता आणि मुद्रितशोधनाला निवृत्त मराठी शिक्षक होते, ते आमचे गुरुजी.

ठिबकच्या संचात भाग पुष्कळ असतात. मोटर, वाळूचा फिल्टर, जाळीचा फिल्टर, खत सोडायची व्हेंचुरी, मुख्य नळी, उपमुख्य नळी, मग ओळीओळीने जाणाऱ्या लॅटरल आणि त्यांवरचे ड्रिपर. शिवाय ठिकठिकाणी झडपा आणि दाब दाखवणारी घड्याळं. या प्रत्येकाला मराठी नाव हवं होतं आणि ते साठ पानांत सगळीकडे एकसारखं लिहिलेलं हवं होतं. शब्द निवडताना आम्ही फारसे अडलो नाही. अडलो ते निवडलेला शब्द जोडून लिहायचा की तोडून, या प्रश्नावर. सुरुवातीला मलाही हा प्रश्न शेवटच्या वाचनात उरकण्यासारखा वाटला होता.

अडचण

पहिल्या खर्ड्यात एकच शब्द तीन प्रकारे दिसत होता: पान ७ वर ‘दाब मापक’, पान १९ वर ‘दाबमापक’, पान ४० वर ‘दाब-मापक’. ‘उप नळी’ आणि ‘उपनळी’ शेजारच्या परिच्छेदांत होते. ‘आम्ल प्रक्रिया नंतर’ (नळ्यांत आम्ल सोडून क्षार काढायची ती प्रक्रिया) असं तर सर्रास होतं. शेवटी शब्दसूची बनवायला घेतली, तेव्हा एकाच वस्तूच्या दोन-दोन नोंदी तयार झाल्या. पीडीएफमध्ये ‘दाबमापक’ शोधलं की निम्म्या जागा सापडत नव्हत्या.

तरीही हा प्रश्न फक्त नीटनेटकेपणाचा आहे, असंच मी धरून चाललो होतो. तो तेवढाच नाही, हे शेतात कळलं. खर्डा घेऊन सर आणि मी एका डाळिंबाच्या बागेत गेलो. पन्नाशीचे शेतकरी, गाव त्यांना अण्णा म्हणतं. लॅटरल (खर्ड्यात ‘उप नळी’) धुण्याचं पान त्यांच्या हातात दिलं आणि त्यात लिहिलंय तसं करून दाखवा म्हणालो. वाक्य असं होतं: ‘पाणी बंद झडप पूर्ण उघडून उप नळी टोक झाकण काढा.’

अण्णांनी शब्दांखाली बोट धरून वाक्य वाचलं. ‘पाणी बंद’ इथे बोट थांबलं. ते उठले, स्टार्टरच्या पेटीकडे गेले आणि मोटर बंद केली. मग परत येऊन झडप उघडली, लॅटरलच्या टोकाची एण्ड कॅप काढली. नळीत उरलेलं पाणी थोडं ठिबकलं आणि थांबलं.

“अण्णा, मोटर का बंद केली?” सरांनी विचारलं.

“तुमीच लिवलंय की. पाणी बंद. मग झडप उघडून.”

लॅटरल धुवायची तर पाणी जोरात वाहत असावं लागतं. तरच आत बसलेला गाळ टोकातून बाहेर पडतो. मोटर बंद ठेवून टोपण काढलं तर गाळ जागच्या जागी राहतो आणि शेतकऱ्याला मात्र आपण नळी धुतली असं वाटतं. आमचं वाक्य त्यांना बरोबर उलटं करायला सांगत होतं. ताईंना म्हणायचं होतं ‘पाणी बंद करायची जी झडप आहे, ती उघडा’. कागदावर मात्र तीन शब्द एकमेकांशी ओळख नसल्यासारखे उभे होते. अण्णांनी मराठी वाचणारा कोणीही लावेल तोच अर्थ लावला. पाणी बंद म्हणजे पाणी बंद.

परतताना गाडीत मी त्या वाक्याचा विचार करत होतो. मराठीत दोन नामांचं नातं दाखवायच्या मुख्य वाटा दोन. एक तर प्रत्यय लावायचा: दाबाचं माप, वाळूची गाळणी, नळीवरची झडप. नाहीतर प्रत्यय गाळून शब्द जोडायचे: दाबमापक, पाणीपुरवठा, रक्तदाब. प्रत्यय गाळला तरी जोडणीमुळे नातं शिल्लक राहतं. आम्ही प्रत्ययही गाळला होता आणि जोडणीही केली नव्हती. मग नातं दाखवायला उरलं काय? ‘उप नळी टोक झाकण’ हे चार सुटे शब्द होते आणि त्यांचं वाक्य वाचणाऱ्याने जुळवायचं होतं.

ही सवय लागली कुठून, तेही पाहिलं. ताई मोबाइलवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे लिहीत होत्या. मोबाइलच्या कीबोर्डवर सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपोआप जागा सुटते. लॅपटॉपवर जोडशब्द लिहिला की शुद्धलेखन तपासणीची लाल रेघ येते आणि तोडला की जाते. रोज शेकडो शब्द लिहिणारा माणूस त्या रेघेला कंटाळून शब्द तोडायलाच लागतो. शिवाय समोर हिंदी मजकूर होता. हिंदीत ‘के बाद’, ‘में’, ‘से’ नामापासून सुटे लिहितात. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला चिकटतं आणि नामाचं सामान्यरूपही होतं: प्रक्रियेनंतर, नळीमध्ये, झडपेजवळ. ‘प्रक्रिया नंतर’ ही हिंदीची सावली आहे आणि आजकाल ती छापील मराठीवर जागोजागी पडलेली दिसते. मला ती मनापासून खुपते.

कोणते पर्याय होते

दुसऱ्या दिवशी सगळे बसलो. तीन मतं पडली आणि प्रत्येकात तथ्य होतं.

गुरुजी म्हणाले, सगळे सामासिक शब्द जोडा. समास झाला की दोन पदांचं एक पद होतं आणि एक पद मधून तोडून लिहायचं नसतं. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात नव्हती. मराठीत शब्द जोडायचा म्हणजे केवळ मधली जागा पुसायची नसते. कित्येकदा शब्दाचं लेखनही बदलतं. साहित्य महामंडळाने केलेले जे चौदा लेखननियम १९६२ साली शासनमान्य झाले, आणि ज्यांत १९७२ साली आणखी चारांची भर पडली, त्यांनुसार कवी, गती, वायू, धातू असे तत्सम शब्द सुटे असताना दीर्घान्त लिहायचे. पण तेच समासाचं पूर्वपद झाले की मूळ ऱ्हस्व परत येतो: गतिरोधक, वायुदाब, जंतुनाशक, अणुऊर्जा. संस्कृतातल्या इन्-अन्त शब्दांचंही तसंच, म्हणून मंत्री पण मंत्रिमंडळ, प्राणी पण प्राणिशास्त्र. पाणी, माती, वाळू हे शब्द मात्र तत्सम नाहीत, म्हणून पाणीपुरवठा आणि मातीपरीक्षण यांत ते दीर्घच राहतात. शुद्धिपत्रात ‘द्धि’ ऱ्हस्व, शुद्धीकरणात दीर्घ, कारण तो साधा समास नाही. तेव्हा ‘जोडा’ एवढाच निरोप डीटीपीच्या मुलाला देऊन भागणार नव्हतं. कोणाला तरी एकेक शब्द तपासावाच लागणार होता.

गुरुजींचं म्हणणं जिथे अडलं ती जागा म्हणजे हवेची झडप. ताईंनी लिहिलं होतं ‘वायू मुक्ती झडप’. गुरुजींनी नियमाने शुद्ध केलं: ‘वायुमुक्तिझडप’. नियमात चूक काढायला जागा नव्हती, पण बागेत उभं राहून हा शब्द वाचणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागलं नसतं. ‘उलटप्रवाहरोधकझडप’ तर मला स्वतःलाच एका दमात वाचता आला नाही.

डीटीपी करणाऱ्या मुलाचं मत नेमकं उलट होतं. सगळं सुटं ठेवा. अरुंद स्तंभात लांब शब्द ओळीत मावला नाही की पूर्ण खाली उतरतो आणि वरच्या ओळीत शब्दांमध्ये मोठाले खड्डे पडतात. देवनागरी शब्द ओळीच्या शेवटी आपोआप तोडण्याची सोय त्याच्या मांडणीत नव्हती. सरही त्याच्या बाजूने होते. हळू वाचणाऱ्याला छोटे शब्द सोपे जातात, आणि निम्मे शब्द तर इंग्रजी आहेत. ‘सँडफिल्टर’ असं कोण लिहितं?

ताईंनी मधला मार्ग सुचवला, संयोगचिन्हाचा. दाब-मापक, खत-टाकी, आम्ल-प्रक्रिया. दिसायला सोपं आणि वाचायला सोपं. पण मराठीत ते चिन्ह मुख्यतः ‘आणि’चं किंवा ‘किंवा’चं काम करतं: आई-वडील, स्त्री-पुरुष, खरं-खोटं. ‘खत-टाकी’ म्हणजे खत आणि टाकी असं कोणी वाचलं तर त्याला दोष देता येत नाही. ज्या गडबडीतून अण्णांची मोटर बंद पडली, तीच गडबड दुसऱ्या दाराने आत आली असती.

चौथा पर्याय कोणी मांडला नव्हता. तो अण्णांच्या बोलण्यात होता. बागेत ते त्या झडपेला म्हणाले होते, “ही पानी बंद करायची झडप.” म्हणजे समास उलगडून लिहायचा. याला जागा जास्त लागते हे खरं, पण अर्थ कुठेच अडत नाही.

निर्णय कसा घेतला

एकच नियम सगळ्या शब्दांना लावायचा हट्ट आम्ही इथे सोडला. मला हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो, कारण तोवर आम्ही ‘जोडा’ विरुद्ध ‘तोडा’ असंच भांडत होतो. एका कागदावर सगळ्या भागांची आणि क्रियांची नावं लिहिली आणि प्रत्येक नावाला तीन गोष्टी विचारत गेलो.

पहिली: याचं एकाच वस्तूशी किंवा एकाच क्रियेशी नातं आहे का? ‘दाबमापक’ ही एक वस्तू आहे. तिला काटा असतो, काच असते. ‘मुख्य नळी’ मात्र नळीच आहे, फक्त मुख्य. मध्ये शब्द घालून पाहिला की फरक कळतो. ‘मुख्य काळी नळी’ म्हणता येतं, ‘दाब जुना मापक’ म्हणता येत नाही. ‘दाब मापक’ तोडण्यात आणखी एक धोका होता. ‘दाब’ हे दाबणे या क्रियापदाचं आज्ञार्थी रूपही आहे, आणि जिथे ओळीओळीने काय करायचं ते सांगितलेलं असतं, त्या पुस्तिकेत वाचणारा प्रत्येक शब्दात आज्ञाच शोधत असतो.

दुसरी: प्रत्यय लागल्यावर शब्द जिभेवर बसतो का? दाबमापकाचा काटा, आम्लप्रक्रियेनंतर, उपनळीला. हे तिन्ही सहज येतात. ‘उलटप्रवाहरोधकाजवळ’ येत नाही.

तिसरी कसोटी शेताची. बागेतला माणूस हे नाव एका नजरेत वाचेल का? आम्ही साधारण दोन पदांची मर्यादा घातली. तिसरं पद आलं की एक तर मुख्य शब्द सुटा ठेवायचा, जसं ‘आम्लप्रक्रिया टाकी’, नाहीतर सगळाच समास उलगडायचा. त्या अठरा नियमांत पूर्वपद ऱ्हस्व की दीर्घ हे सांगितलं आहे, पण किती पदांपर्यंत जोडायचं ते सांगितलेलं नाही. ती मर्यादा आमची आम्हालाच ठरवायची होती.

एका गटावर मात्र वादच झाला नाही. उप, अति, प्रति, अव हे उपसर्ग स्वतंत्र शब्द नव्हेत, ते तोडायचेच नाहीत. ‘उप नळी’ जिथे दिसेल तिथे ‘उपनळी’. ‘प्रति तास’वर थोडं थांबलो. प्रतिदिन, प्रतिवर्ष जोडून लिहितात, तर प्रतितासही जोडायला हवं. पण शासनाच्या योजनेचं नाव ‘प्रति थेंब अधिक पीक’ असं सुटंच छापलं जातं आणि ते शेतकऱ्यांच्या नजरेत बसलेलं आहे. तेव्हा ताई म्हणाल्या, “आपण ‘ताशी’ का नाही म्हणत?” ‘४ लिटर प्रति तास’चं ‘ताशी ४ लिटर’ झालं. जोडायचं की तोडायचं हा प्रश्नच उरला नाही. घरात पडलेला शब्द आम्ही अर्धा तास बाहेर शोधत होतो.

इंग्रजी शब्दांच्या जोड्या, म्हणजे सँड फिल्टर, एण्ड कॅप, फ्लश व्हॉल्व्ह, सुट्याच ठेवल्या, कारण लोक त्या तशाच दोन ठोक्यांत बोलतात. ‘उलटप्रवाहरोधक झडप’ काढून टाकली. तिथे ‘एनआरव्ही’ लिहिलं आणि पहिल्या वेळी पुढे ‘म्हणजे पाणी मागे येऊ न देणारी झडप’ असं जोडलं. ‘वायुमुक्तिझडप’ ऐवजी ‘हवा सोडणारी झडप’ आली. सुरक्षेच्या पानावर तर एकही समास ठेवला नाही. तिथलं वाक्य एवढंच: ‘आम्ल पाण्यात ओता. आम्लात पाणी कधीही ओतू नका.’

आणि अण्णांचं वाक्य असं झालं: ‘मोटर चालू ठेवा. पाणी बंद करायची झडप पूर्ण उघडा. मग लॅटरलच्या टोकाची एण्ड कॅप काढा.’ एकाची तीन वाक्यं झाली. स्तंभात दोन ओळी वाढल्या. मुलाने कुरकुर न करता चित्र थोडं लहान केलं.

परिणाम

सुधारलेला खर्डा घेऊन पुन्हा त्याच बागेत गेलो. अण्णांनी वाचलं, मोटरला हात लावला नाही, झडप उघडली, टोपण काढलं. मातकट पाण्याची धार वाफ्याबाहेर गेली आणि हळूहळू पाणी नितळ झालं. त्यांच्या भावजय शेजारी उभ्या होत्या. त्यांनीही पान वाचून पुढची लॅटरल धुतली. ‘दाबमापक’ हा शब्द दोघांनी न अडता वाचला, पण बोलताना दोघंही ‘गेज’च म्हणाले. म्हणून जिथे तो शब्द पहिल्यांदा येतो, तिथे शेजारी ‘प्रेशर गेज’ही छापलं. शब्दसूचीतल्या दुहेरी नोंदी गेल्या.

तरी एक चूक छापली गेली आणि ती माझी. यादी ठरल्यावर वेळ वाचवायला मी ‘पाणी वापर’ या सुट्या शब्दांच्या जागी सगळीकडे एकदम ‘पाणीवापर’ घालायला सांगितलं. मुलाने सांगितल्याप्रमाणे केलं. ‘पाणीवापराची नोंद’ हे शीर्षक बरोबर झालं. पण संगणकाला नाम आणि क्रियापद यांतला फरक कळत नाही. ‘फिल्टर धुण्यासाठी स्वच्छ पाणी वापरा’ या वाक्यातही तीच अक्षरं होती, त्यामुळे त्याचं ‘स्वच्छ पाणीवापरा’ झालं. दोन पानांवर ते तसंच छापून आलं. पहिल्या प्रती हातात आल्या तेव्हा गुरुजींनी ते पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि काही बोलले नाहीत. अर्थाचा घोटाळा झाला नाही, पण ज्या कारणासाठी एवढी खटपट केली, तीच गोष्ट माझ्या हातून बिघडली याचं मला फार वाईट वाटलं.

वेगळं काय करता आलं असतं

शब्दयादी भाषांतर सुरू होण्याआधी व्हायला हवी होती. आम्ही ती खर्डा पूर्ण झाल्यावर केली, त्यामुळे ताईंनी मनापासून केलेलं बरंच काम पुन्हा करावं लागलं. शब्दाबरोबर त्याचं एक प्रत्यय लागलेलं रूपही यादीत हवं होतं: दाबमापक, दाबमापकाचा, आम्लप्रक्रिया, आम्लप्रक्रियेनंतर. ते रूप डोळ्यांसमोर असलं की शब्द आपोआप जोडला जातो आणि ‘प्रक्रिया नंतर’ही टळतं.

बागेतलं वाचन मांडणीआधी व्हायला हवं होतं. पानं लागल्यावर वाक्य वाढवायचं म्हणजे चित्र लहान करायचं, आणि देखभालीच्या पुस्तिकेत चित्रही तितकंच मोलाचं असतं. शब्द बदलताना एकगठ्ठा बदल न करता प्रत्येक जागा पाहून बदलायला हवी होती. चौसष्ट पानांना फार तर एक सकाळ लागली असती. आणि ऱ्हस्वदीर्घाची तपासणी गुरुजींकडे शेवटी न देता यादीच्या वेळीच दिली असती, तर ‘वायु’ आणि ‘वायू’ यांची शेवटच्या रात्रीची शोधाशोध टळली असती.

एका शब्दावर मात्र आमचं अजून एकमत नाही: ठिबक सिंचन. गुरुजींच्या मते तो समास आहे आणि ‘ठिबकसिंचन’ असाच लिहायला हवा. आमच्या तिन्ही कसोट्या लावल्या तर त्यांचं म्हणणं खरं ठरतं, हे मी मान्य करतो. सरांचं म्हणणं असं की अनुदानाच्या अर्जावर, कृषी खात्याच्या पत्रकावर आणि दुकानाच्या पाटीवर शेतकरी तो सुटाच पाहतो. मुखपृष्ठावर वेगळा दिसला तर ही दुसरीच कसली पुस्तिका आहे असं त्याला वाटेल. मी सरांचं ऐकलं. गुरुजींनी छापील प्रत परत केली तेव्हा मुखपृष्ठावर त्या दोन शब्दांच्या मधोमध पेन्सिलीने जोडखूण केलेली होती. ती प्रत मी पुढच्या आवृत्तीच्या फाइलमध्ये सर्वांत वर ठेवली आहे, आणि तिच्याखाली ‘पाणीवापरा’ची दोन पानं.